किनुसामाचं कोरं कापड

१

सुगिसावा गावात वर्षातून एकदा देवीला कपडे घालतात. काढत मात्र कधीच नाहीत.

बर्फ अजून कौलांपर्यंत असतो, पण उन्हाला जरा धार यायला लागलेली असते, अशा दिवसांत बायका टेकडीवरच्या देवळात जमतात. ज्या घराची पाळी, त्या घरच्या बाईने कोरं कापड आणायचं, एकटीने आत जायचं, आणि किनुसामाच्या, म्हणजे देवीच्या, अंगावरच्या जुन्या कपड्यांवरूनच ते गुंडाळून तागाच्या दोरीने आवळून बांधायचं. कोरं म्हणजे कोरं. धुतलेलं चालत नाही, आणि कुणाच्या अंगाला लागलेलं तर मुळीच नाही. पुरुषांनी पायऱ्यांखालच्या तांबड्या कमानीपाशी थांबायचं, साके, म्हणजे तांदळाची दारू, गरम करायची आणि बायकांवर फालतू विनोद करायचे. पुजारीसुद्धा खालीच. तो पलीकडच्या खोऱ्यातून यायचा, त्याच्या गळ्यात आसपासची सगळीच देवळं. काही विचारलं की म्हणायचा, "मला विचारू नका बायांनो. गुंडाळायचं, बघायचं नाही. वडिलांनी मला एवढंच शिकवलंय."

यंदा पाळी तोमेची होती.

तोमे गावची शिवणारीण. नवरा लढाईत गेला तेव्हापासून सुईवर जगलेली. पन्नाशी उलटलेली, हाडापेराने दणकट आणि तोंडाने त्याहून. "गोड हवं असेल तर मध चाटा, माझ्याकडे कशाला येता," असं गिऱ्हाइकाला सांगायची, आणि गिऱ्हाईक तरी येतच राहायचं, कारण तिचा टाका उसवत नसे.

तिला एकच मुलगी होती, इने. इने गोनरोकुच्या घरी कामाला होती. गोनरोकु म्हणजे देवळाचा कारभारी, गावातलं सगळ्यात मोठं छप्पर त्याचं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, वादळाच्या एका संध्याकाळी इने त्या घरातून नाहीशी झाली. बर्फ वितळला तेव्हा सापडली. त्याच घराच्या मागच्या भिंतीला टेकून. पाय उघडे, अंगात नुसता आतला झगा. गोनरोकु म्हणाला, "पोरगी घरी जायला निघाली होती. वाट चुकून परत आली असणार, आणि छपरावरचा बर्फ घसरला. नशीब एकेकाचं." गावाने मान हलवली. छपराचा बर्फ कुणाला ना कुणाला नेतोच. पोलीस शिपाई आला, चहा प्याला, गेला.

तोमेचं म्हणणं एवढंच होतं की या गावात तान्हं पोरसुद्धा गवती बूट घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. मग मागच्या दाराला आतून कडी होती की नव्हती, आणि असली तर ती कुणी लावली, एवढं गोनरोकुने चार माणसांत सांगावं. बाकी तिला काही नको होतं. म्हणजे असं ती लोकांना सांगायची.

तिकडे कापूस भरलेले अंगरखे कुणी धूत बसत नाही. मळते ती गळपट्टी. तेवढीच उसवायची, तेवढीच नवी लावायची. शरद ऋतूत गोनरोकुच्या अंगरख्याला तोमेने नवी गळपट्टी लावली आणि जुनी ठेवून घेतली. कित्येक हिवाळ्यांचा घाम, केसांचं तेल, मानेचा मळ. काळी कुळकुळीत, चामड्यासारखी ताठ. तीच तिने यंदाच्या निळ्या कोऱ्या कापडाच्या दोन पदरांमध्ये शिवून टाकली होती. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

आत अंधार होता आणि जुन्या कपड्यांचा कोंदट वास. फळीवर किनुसामा. वर्षाच्या बाळाएवढं गाठोडं, वरच्या बाजूला थोडं निमुळतं. मध्ये काय आहे ते आज जिवंत असलेल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. कुणी लाकूड म्हणे, कुणी दगड.

तोमेने कापड गुंडाळलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ही मान ओळख. हिच्यावरचं डोकं बोलतं कर. आणि त्याचं बोलून झालं की मग तुझं तू बघ."

मग तिने दोरी आवळली. दर वर्षी दोरी जेमतेम पुरते. गाठ मारताना बोटं सोलवटतात, आणि बाहेर आल्यावर बायका एकमेकींना बोटं दाखवतात, हा रिवाजच. यंदा गाठ बसली आणि वर वीतभर दोरी उरली.

तोमेने तिच्याकडे पाहिलं. दोरी हात्सु आजीने मापून दिलेली होती. आजीचं वय झालंय, ती मनात म्हणाली. पण बाहेर आल्यावर तिने आपली बोटं कुणाला दाखवली नाहीत.

२

"तोमे-सान, आहेस का गं?"

"नाही, मेले. आत ये आणि दार ओढ, गारठा येतोय."

योशिनो आली. गोनरोकुची बायको. इनेचं झाल्यापासून ती इथे यायची ती शिवणाचं काम घेऊनच, आणि बोलायची ती चटईकडे बघून. आज तिने नवऱ्याचे दोन अंगरखे आणले होते.

"यातला कापूस काढून टाकायचाय. सगळा."

"या थंडीत? मारायचंय का त्याला?"

"तोच म्हणतोय. जड होतंय म्हणतो. जेवतानासुद्धा सारखं एकच, काढ, काढ! अगं, काय काढू? शेवटी लंगोट तेवढा उरला. तोही काढला."

"मग? सापडलं का काही जड?"

योशिनोच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने घाईने हाताने तोंड झाकलं. "तिथे कसलं आलंय जड. तुला काय सांगू."

दोघी क्षणभर हसल्या. मग तोमेला आपण कुणाबरोबर हसतोय ते आठवलं आणि तिने सुई उचलली.

"हसण्यावारी नेऊ नकोस," योशिनो म्हणाली. "काल न्हाणीघरात मी त्याची पाठ चोळत होते. वरून पाणी ओतलं. ते खाली आलंच नाही."

"म्हणजे?"

"पाठीवरून ओघळून खाली पडायला नको का? नाही पडलं. मुरलं. मी आणखी ओतलं. तेही मुरलं. आणि मग तो शेगडीपाशी येऊन बसला, तर दिवसभर त्याच्या कोपरांतून पाणी ठिबकत होतं. वाळत घातलेल्या गोधडीतून ठिबकतं ना, तसं." आता पहिल्यांदाच तिने मान वर केली. "असा काही आजार असतो का गं?"

"वय झालं की कातडी सैल होते," तोमे म्हणाली. हे उत्तर किती मूर्खपणाचं आहे ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. पण तिच्या छातीत काहीतरी गरम गरम पसरत होतं, गारठलेल्या माणसाने साकेचा पहिला घोट घ्यावा तसं.

निघताना योशिनो दारात थबकली. "शरदात बदललीस ती जुनी गळपट्टी ठेवलीयस का? कोपरांना ठिगळ लावायला झाली असती."

"उंदरांनी नेली," तोमे म्हणाली.

३

पाळीच्या बाईकडे वर्षभर देवळाची किल्ली असते. छपरावरचा बर्फ पाडायचा, पायऱ्या मोकळ्या ठेवायच्या, आत झाडू मारायचा. तोमे भर दुपारी वर गेली. बाहेर बर्फावर इतकं ऊन की डोळ्यांतून पाणी यावं. पायऱ्यांवर एकाही पावलाचा ठसा नव्हता.

कुलपात किल्ली घातली आणि आतून आवाज आला.

फट्.

एकदाच. मग काही नाही.

छपरावरून बर्फ पडला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण बर्फ पडतो तो धप्प. फट् आवाज येतो तो कापड दोन्ही हातांनी धरून झटकलं की. जिने जन्मभर कापड झटकलंय तिला हा फरक सांगायला लागत नाही.

तिने दार सरकवलं. आत कुणी नव्हतं. फळीवर किनुसामा होती, आणि तोमेने नेसवलेलं निळं कापड तिच्या अंगावर लोंबत होतं, आजोबांचा कोट नातवाला घालावा तसं. दोरी घसरून बुडाशी वेटोळं होऊन पडली होती. तोमेने गाठ चाचपून पाहिली. गाठ तिचीच होती, जशीच्या तशी. गाठ सुटलेली नव्हती. गाठीच्या आतलं कमी झालं होतं.

उंदीर, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. गुडघे टेकून तिने कोपरे पाहिले. चिंधी नाही, लेंडी नाही, कुरतडलेला धागा नाही. दमट कापड सुकलं की आटतं, हे खरं. पण सुकायला इथे ऊब कुठे होती? चोर म्हणावं तर किल्ली तिच्या कमरेला.

तिने दोरीचे दोन वेढे जास्त घेतले आणि आवळलं. आवळताना कापडाखाली काहीतरी घट्ट झालं. पोराची नाडी बांधायला लागलं की पोर पोट आत ओढून श्वास धरून उभं राहतं, अगदी तसं.

तोमेने हात काढून घेतले. थोडा वेळ ती तशीच उकिडवी बसून राहिली. भीती वाटली, नाही कशाला म्हणा. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त जोराचं होतं.

"लागलीस तर कामाला," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी येऊन ती दोन वाट्या भात जास्त जेवली.

४

कापूस काढलेले अंगरखे द्यायला ती स्वतः गेली. द्यायला म्हणजे बघायला.

गोनरोकु मोठ्या खोलीत बसला होता. सगळी दारं सताड उघडी, शेगडी विझलेली, आणि तो कमरेपर्यंत उघडा. या माणसाचं हसणं एके काळी नदीपलीकडे ऐकू जायचं. आता त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि हात अंगापासून दूर, अधांतरी राहिले होते. थंडीत आई पोराला एकावर एक अंगरखे चढवते, मग त्याचे हात खाली येत नाहीत, खेकड्यासारखं ते हात फाकवून चालतं, तसे. तोमे आत आली तेव्हा त्याने मान वळवली नाही. अख्खं अंग वळवलं.

"कारभारी," तोमे म्हणाली, "मागच्या दाराची कडी कुणी लावली?"

त्याने तोंड उघडलं. जबडा पडजिभेपर्यंत उघडला, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. आणि ऐकू आलं ते एवढंसं, पलीकडच्या घरात कुणीतरी दहा गोधड्यांखाली बोलत असावं असं. हूं. मं. हूंम्.

"मोठ्याने बोला. इनेला कुणी बाहेर काढलं?"

तो ओरडत होता. डोळ्यांवरून कळत होतं की जिवाच्या आकांताने ओरडतोय. ओठ हलत होते, शब्द होत होते, आणि खोलीत त्याची नुसती गुणगुण पोचत होती. तोमेने त्याच्या तोंडाला कान लावला. तोंडातून वाफसुद्धा येत नव्हती.

मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डोळ्यांना दिसत होती ती कातडी. घामेजलेली, तांबूस, वर एक तीळ. पण तळव्याखाली कापड होतं. जाडंभरडं तागाचं कापड, दुहेरी, त्यावर बारीक टाके. ज्या बाईने ते घातले होते ती डावखुरी असणार, कारण टाक्यांचा कल उलटा होता. तोमेने बोट पुढे सरकवलं. काठ लागला. काठाखाली दुसरा काठ, जुना, मऊ पडलेला. त्याखाली आणखी एक. तिच्या बोटांना कापडाचं जेवढं कळायचं तेवढं तिच्या डोळ्यांना कधीच कळलं नव्हतं, आणि बोटं सांगत होती की हे संपत नाही.

तिने हात मागे घेतला. हाताला देवळाचा वास येत होता.

बोटं बधिर झाली असतील थंडीने, असं म्हणत ती घरी आली आणि तिने हात गरम पाण्यात बुडवून ठेवले. पण तिला खरं डाचत होतं ते वेगळंच. कुरकुरत, दातओठ खात ती पाण्याशी बोलत राहिली.

"बोलतं कर म्हटलं होतं मी. मुकं कर म्हटलं होतं का? हा असाच गुदमरून मेला तर गाव म्हणणार, बिचारा कारभारी. आणि माझ्या इनेचं काय? तिचं नशीबच राहणार?"

५

योशिनो सकाळीच आली. डोक्याला रुमाल नाही, पायात दोन वेगळे बूट.

"तो बरा झाला," ती म्हणाली, आणि धपकन खाली बसली.

"मग रडतेस कशाला?"

"सकाळी उठला. अंथरुणाची घडी घातली. तोमे-सान, लग्न झाल्यापासून त्याने घडी घातली नव्हती, त्याला घडी कशाशी खातात ते माहीत नाही! आणि घडी कशी, तर आपण देवळात कापडाची घालतो ना, तिकोनी, तशी."

"जेवला?"

"भात पुढे ठेवला, तर नुसता वास घेतो. मग वाटी माझ्याकडे सरकवतो. मी तोंडात घातला, तर त्याला चवच नाही. देवापुढून उचललेल्या भातासारखा."

"बोलतो का?"

"नाही. चालतो. जिथे पाय ठेवेल तिथली फळी वाकते. आणि मागच्या दारापाशी जाऊन उभा राहतो. कडी लावतो, काढतो. लावतो, काढतो. सकाळपासून हेच चाललंय." तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "वारा आहे, असं म्हणाला होता तो."

"आज?"

"नाही. त्या संध्याकाळी. दारावर थापा पडत होत्या. वारा आहे म्हणाला, आणि रेडिओ मोठा केला. मी मुळा चिरत होते." योशिनो थांबली. "चिरत राहिले."

तोमेने तिच्या थोबाडीत मारली. योशिनोने गाल तसाच पुढे ठेवला, म्हणून दुसरी मारता आली नाही.

"तुझं ऐकून मी काय करू?" तोमेचा आवाज चिरकला. "तू काय, उद्या फिरशील. मला त्याच्या तोंडून हवंय."

"मग कापडात जे शिवलंयस ते काढ. उंदीर गळपट्टी नेत नाहीत, मला कळतं तेवढं. काढ ते, म्हणजे माझा नवरा परत येईल. आला की त्याला कमानीखाली उभा करते आणि बोलायला लावते. आई शप्पथ."

येताना विहिरीवर ती काहीबाही बोलून आली असणार, कारण दोघी पायऱ्यांशी पोचल्या तेव्हा पाच-सहा बायका तिथे उभ्या होत्या. त्यांच्यात हात्सु आजी, गावातली सगळ्यात म्हातारी. तिने तोमेला नखशिखान्त पाहिलं.

"कोरं नव्हतं?"

"नव्हतं."

"दोरी सैल पडलीय?"

"पडलीय."

"आणि इतकी वर्षं आपण तिला नेसवतोय, असं वाटत होतं होय गं तुला?"

एवढंच म्हणाली. मग काठी टेकत, कुणाचा हात न धरता, म्हातारी पायऱ्या चढायला लागली.

६

तोमे एकटीच आत गेली. रिवाज होता म्हणून, आणि दुसरी कुणी येईना म्हणून.

फळीवर निळं कापड चोळामोळा होऊन पडलं होतं. बाकी काही नाही. पणज्या-खापरपणज्यांनी वर्षानुवर्षं चढवलेले ते सगळे कपडे, ते सगळे पदर, एकही नाही. जमिनीवर ढीग नाही, कोपऱ्यात चिंधी नाही. निळ्या कापडाच्या मधोमध मुळ्याएवढं काहीतरी होतं. तोमेने ते कापडासकट उचललं.

उबदार होतं.

"कोण आहे?" आवाज आला. "कोण आहे तिकडे? दार उघडा."

गोनरोकुचा आवाज. स्वच्छ, भरदार, शब्द न् शब्द सुटा. फक्त लहान, दूरच्या घरातल्या रेडिओएवढा, आणि तिच्या तळहातात.

 ती खाली बसली, पण हातातलं टाकलं नाही.

"कडी कुणी लावली?" तिने विचारलं.

"तोमे? तोमे, तूच ना? काळोख आहे गं इथे. पाय गार पडलेत माझे. उघड."

"कडी."

 बाहेर बायकांची कुजबुज थांबली होती.

"मीच," आवाज म्हणाला. "ती चावली मला. हाताला कडकडून चावली. मी म्हटलं, जा मग बाहेर, जरा थंड हो. जराच वेळ. मग ती थापा मारायला लागली, आणि योशिनो घरात. उघडलं असतं तर पोरगी तिच्यासमोर बोलली असती. म्हटलं, थांबेल थोड्या वेळाने." तो श्वास घेतल्यासारखा थांबला. "मग थांबली."

तोमेने डोळे मिटले. हेच हवं होतं तिला. दोन हिवाळे तिने कल्पनेत हे ऐकलं होतं, आणि दर वेळी हे ऐकल्यावर आत काहीतरी मोकळं होईल असं तिला वाटायचं. काही मोकळं झालं नाही. "मग थांबली" एवढे दोन शब्द आत शिरले आणि बसले.

"सांगितलं ना आता?" आवाज घाईवर आला. "आता उघड. चार माणसांत सांगतो. तू म्हणशील तिथे सांगतो, कमानीखाली गुडघे टेकून सांगतो. तोमे-सान. अगं, तोमे-सान."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिच्या नावापुढे मानाचं सान लावलं होतं.

तिच्या कमरेला छोटी कात्री होती. टाके तिचेच, कुठून कापायचे ते माहीत होतं. कच् कच्, आणि गळपट्टी बाहेर आली असती. तो घरी जाऊन उठून बसला असता. आणि मग? मग तो खाकरला असता, चहा मागितला असता, आणि म्हणाला असता, कसली कडी? ताप भरला होता मला. बाईचं डोकं फिरलंय, बिचारी, एकुलती एक पोर गेली तिची.

तळहातात थापा पडायला लागल्या. आतून, कापडाला. एवढ्या एवढ्याशा. थप थप. थप थप थप.

तोमेने कात्री कमरेला परत खोचली.

"वारा आहे," ती म्हणाली.

७

"कापड द्या," दारात येऊन ती म्हणाली.

"कोरं आता कुठून आणायचं?" कुणीतरी म्हणालं.

"असेल ते द्या."

कुणी हललं नाही. तिच्या हातातून येणाऱ्या थापा सगळ्यांना ऐकू येत होत्या, आणि तो आवाजही. मधूनच तो योशिनोचं नाव घेत होता. योशिनो ऐकत उभी राहिली. मग तिने पाठीमागे हात नेले, एप्रनच्या नाड्या सोडल्या, आणि एप्रन तोमेच्या हातात दिला.

"घट्ट बांध," ती म्हणाली.

तोमेने बांधला. मग हात्सु आजीने डोक्याचा रुमाल काढून दिला. मग दुसरीने कमरपट्टा दिला, तिसरीने पाठीवरच्या पोराला गुंडाळलेली झोळी सोडून दिली आणि पोर छातीशी धरलं.  एकेक जण पुढे येत होती, आणि कुणाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तोमेने पाहिलं नाही. पण एकीने देताना आपल्या कापडाला असा पीळ भरला होता की ते सोडवून घ्यावं लागलं. दर पदराबरोबर आवाज लांब जात गेला. शेवटी नुसती गुणगुण राहिली. तोमेने दोरी आवळली. बोटं सोलवटली.

गाठोडं फळीवर ठेवून ती बाहेर आली, तेव्हा बायका पायऱ्यांकडे बघत होत्या.

गोनरोकु कमानीच्या आत आला होता. आजवर कुठला पुरुष त्या कमानीच्या आत आला नव्हता. अंगात एकच सुती झगा, पाय अनवाणी. तो वर चढत होता, सावकाश, हात अंगापासून दूर धरून, आणि जिथे त्याचं पाऊल पडे तिथला बर्फ पार खालच्या दगडापर्यंत दबत होता. बायका दोन्ही बाजूंना सरकल्या. योशिनोही सरकली.

तो तोमेसमोर येऊन थांबला.

चेहरा गोनरोकुचाच होता, पण उतरवून ठेवल्यासारखा. तोमेची नजर खाली गेली, गळ्याकडे. सवयच होती, तिने माणसाकडे बघितलं की आधी गळपट्टी दिसायची. झग्याच्या गळ्याआड आणखी एक गळा होता. त्याआड आणखी. निळे, विटके, तपकिरी, मग रंग उरला नाही असे. काठाआड काठ, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, आत आत आत. आणि अगदी आत, जिथे माणसाचा गळा असायला हवा, तिथे काळोख होता, आणि काळोखातून आलेली चार बोटं.

बारीक बोटं. नखं निळी पडलेली. सगळ्यात आतली गळपट्टी त्यांनी आतून गच्च आवळून धरली होती, कडाक्याच्या थंडीत दारात उभं राहिलेलं माणूस धरतं तशी.

इनेची बोटं तोमेने स्वतः धुतली होती. तिला ती माहीत होती. ही ती नव्हती. ही फार जुनी होती.

 तोमेने हात पुढे केला. झग्याचा गळा एका बाजूला सरकला होता, तो तिने ओढून नीट केला, मधली रेघ जुळवली, आणि वरून दोनदा थोपटलं.

तो अख्ख्या अंगाने वळला. खाली गाव पसरलं होतं. सगळी छपरं पांढरी, सगळ्या छपरांतून धूर निघत होता, आणि थंडीमुळे सगळी दारं लावलेली. तो जरा वेळ त्या दारांकडे बघत उभा राहिला. मग पायऱ्या उतरायला लागला.

"अगं बाई," हात्सु आजी पुटपुटली. "आता किनुसामाला परत बांधणार कोण?"

तोमे देवळाचं दार सरकवत होती. आत फळीवर काहीतरी बारीक आवाजात थापा मारत होतं.

"कशाला?" ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली.